ओघ उत्तम

नवऱ्याने कागद खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि समाधानाने मान डोलावली.

"बघ, अख्ख्या ओळीत एकदाही खंड नाही," तो म्हणाला.

कागदावर बाईंनी लिहिलं होतं, 'कॉलेजचं पत्र आलं का? चौथ्यांदा विचारतेय.'

बाई उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. नवऱ्याने खिशातून पेन्सिल काढली, कागदाच्या कोपऱ्यात मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात काहीतरी टिपलं, कागद आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि विचारलं, "चहा टाकू?" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हल्ली ती दिवसातून चार-पाच वेळा जायची, आणि मस्तकातून बाहेर पडायला तिला वाट नव्हती.

वाट होती, ती चार महिन्यांपूर्वी सर्जनने बंद केली. घशात गाठ निघाली, गाठीबरोबर स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वास घ्यायला गळ्याच्या पायथ्याशी बटणाएवढं भोक ठेवलं, त्यावर बाई पातळ कापडाची पट्टी बांधत. आणि आवाज तरी कसला गेला! बाई अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. सगळं कॉलेज त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं आणि कोणती बाई ते कुणाला सांगावं लागायचं नाही. एकदा शेवटच्या टेबलावरची एक विद्यार्थिनी भरल्या अॅसिडमध्ये पाणी ओतायला निघाली होती. बाई दारातून एकदाच "थांब" म्हणाल्या. ती मुलगी थांबलीच, पण खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टचाही टाइपरायटर थांबला. ती मुलगी पुढे शिकली, शिकवायला लागली आणि आता त्याच विभागाची प्रमुख झाली होती. बाईंसमोर ती अजूनही खुर्चीतून उठायची.

आता त्या आवाजाच्या जागी एक पेन होतं. साधं बॉलपेन चालत नसे, कारण ऑपरेशनमध्ये मानेतली एक नस दुखावली होती आणि उजव्या खांद्यात जोर उरला नव्हता. दाबून लिहायचं म्हटलं की पाच ओळींत हात भरून येई. शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही, नुसतं कागदावर टेकवलं की झालं. बाईंकडे तसलं एक होतं, प्रयोगशाळेच्या कोटाच्या खिशात मावावं म्हणून तरुणपणी घेतलेलं. टोपणासकट चार बोटं लांब, हिरवट काळं, अंगाने आखूड पण टाकाने, म्हणजे निबाने, गुणी. दोरी बांधून त्यांनी ते गळ्यात अडकवलं आणि त्याच्यातून बोलायला लागल्या.

पण इवल्याशा पेनात शाई ती किती मावणार? आत बोटाच्या पेराएवढं कार्ट्रिज बसायचं. लोकांना ते आठवडाभर पुरत असेल. बाईंना अर्धा दिवसही पुरेना, कारण लोक लिहितात आणि बाई बोलत होत्या. त्यातून कंपनीने ते पेन आणि ते कार्ट्रिज दोन्ही बंद केलेलं. सगळी दुकानं पालथी घालून नवऱ्याने अकरा कार्ट्रिजं पैदा केली, ती पाच दिवसांत संपली.

इथे नवऱ्याच्या अंगात आलं. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, हाताला काम नाही आणि हात मात्र स्वस्थ बसणारे नाहीत. त्याने जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बळकावला. आधी रिकामी कार्ट्रिजं धुऊन, इंजेक्शनच्या सुईने पुन्हा भरून पाहिली. आठ-दहा वेळा भरल्यावर त्यांची तोंडं सैल पडली आणि शाई उशीवर उतरली. मग त्याने औषधाच्या ड्रॉपरचं रबरी टोपण कापून पेनाच्या मागे बसवलं, दाबलं की शाई ओढून घ्यायची. युक्ती नामी होती, पण टोपणात कार्ट्रिजच्या निम्मीच शाई मावे. शेवटी त्याने मधलं सगळंच काढून टाकलं आणि पेनाच्या नळीतच थेट शाई ओतली. आट्यांमधून ती झिरपू नये म्हणून सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीची पातळ चकती कापून तिथे घातली, वरून व्हॅसलिन चोपडलं आणि पेन फिरवून घट्ट बंद केलं. शहरातले सात-आठ पेनवेडे रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत. त्यांनी म्हणे या कामगिरीबद्दल त्याची पाठ थोपटली.

पेन तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी बाईंच्या छातीवर हातभर निळा डाग पडला. नवऱ्याने नवी चकती कापली, पुन्हा व्हॅसलिन लावलं. पुन्हा तीन दिवस, पुन्हा डाग. तो बिचारा झोपेतही चकत्या कापत असावा.

बाईंना पहिल्याच डागाला कळलं होतं की काय चुकतंय. ज्या बाईने अठ्ठावीस वर्षं काचेच्या तोट्यांना ग्रीस लावलंय तिला ते कळणार नाही तर कुणाला? त्यांनी लगेच लिहून दिलं होतं. नवऱ्याने तो कागदही उजेडात धरला होता.

तसं पाहिलं तर तो बाईंच्या चिठ्ठ्या वाचत नव्हता असं नाही. पहिले दोन शब्द वाचायचा आणि पुढचं ओळखायचा. 'पाणी' दिसलं की पाणी आणायचा. बाईंनी 'पाण्याचं बिल भरलंत का' असं लिहिलेलं असायचं. मग पाण्याचा पेला हातात धरून बाई त्याच्याकडे बघत राहायच्या, आणि तो पेनाकडे.

एकदा बाईंनी रागाने लिहायला घेतलं आणि वाक्याच्या मध्यावरच टाकातून शाईचा थेंब बदकन सांडला. सगळ्यात महत्त्वाचा शब्द त्याखाली गेला. नवऱ्याने खुर्ची ओढली आणि शांतपणे समजावून सांगितलं.

"तू चिडतेस ना, तेव्हा मूठ आवळतेस. हात तापतो, पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. तेव्हा लिहिताना चिडत जाऊ नकोस."

हे शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होतं, हीच त्यातली चीड आणणारी गोष्ट होती. हवा फुगायची, कारण गळलीच तर शाई कमी वाया जावी म्हणून तो नळी अर्धीच भरायचा. बाईंनी तेही लिहून दिलं होतं. काठोकाठ भरली तर आत हवाच राहणार नाही, मग मी चिडेन नाहीतर नाचेन, असं लिहिलं होतं. त्यावर तो म्हणाला होता की तुझं अक्षर आता पूर्वीपेक्षा सुधारलंय.

बाईंना खरं म्हणजे एकच गोष्ट हवी होती, परत कामावर जायचं होतं. अजून चार वर्षांची नोकरी बाकी होती. वर्गात उभं राहून ओरडणं आता जमणार नव्हतं, पण आतल्या खोलीत द्रावणं तयार करायला, बाटल्यांना लेबलं लावायला आवाज कशाला लागतो? सर्जनने परवानगी दिली होती. गळ्यावर कापडाची पट्टी बांधायची आणि वाफांचं काम हवा बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात करायचं, एवढीच अट होती. महिना संपायच्या आत कॉलेजकडून पत्र येईल, हजर होणार की निवृत्त होणार ते कळवायचं, असं आजारपणाच्या रजेच्या कागदावर लिहिलेलं होतं. महिना संपायला आला होता. पत्राचा पत्ता नव्हता.

बुधवारी सकाळी नवरा वेगळ्या जातीचं रबर शोधायला बाजारात गेला आणि टेलिफोन वाजला. बाई एरवी फोन घेत नसत, घेऊन करणार काय? पण घंटा थांबेचना, तेव्हा त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"काका, मी कॉलेजातून बोलतेय," विभागप्रमुख म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसं वर कळवलंय. बाईंना झेपणार नाही, हे ऐकून आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटलं. तो निवृत्तीचा फॉर्म तेवढा बाईंची सही घेऊन उद्यापर्यंत पाठवा. सोमवारपासून त्यांच्या जागी नवीन माणूस येतोय."

बाईंनी तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसली. त्यांनी रिसीव्हरवर नखाने टकटक केलं, मग मुठीने ठोकलं.

"काका? ऐकू येतंय ना? लाइन खराब दिसतेय," ती म्हणाली. "बाईंना माझा नमस्कार सांगा." आणि फोन ठेवला.

आयुष्यात त्या पुष्कळदा चिडल्या होत्या, पण प्रत्येक वेळी ओरडून मोकळ्या झाल्या होत्या. ओरडता न येणारा राग कसा असतो ते त्यांना त्या दिवशी कळलं. दात आवळले गेले, कानशिलं तडतडायला लागली, मूठ तापली. पेन मुठीत होतं. त्याने इमानेइतबारे एक थेंब फरशीवर टाकला.

मग त्या नवऱ्याच्या टेबलाकडे गेल्या आणि खण ओढून काढला. फॉर्म वरच होता, सोबत कॉलेजचं फोडलेलं पत्र. 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने', नकाशावर नद्यांची नावं घालावीत तशा देखण्या अक्षरात सगळा भरलेला. सहीची जागा तेवढी कोरी होती, शेजारी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलेली. स्वेच्छेने! बाईंची इच्छा आणि नवऱ्याचं अक्षर.

फॉर्मच्या खाली एक जाडजूड फाइल होती. बाईंनी ती उघडली आणि त्यांना आधी बरंच वाटलं. चार महिन्यांतल्या त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या होत्या. एकही फेकलेली नव्हती. मग त्यांनी कोपऱ्यातली पेन्सिलीची अक्षरं वाचली.

'मला कामावर परत जायचंय. कॉलेजला तसं कळवा.' खाली नवऱ्याची टीप: 'ड्रॉपरचं टोपण, दिवस दुसरा. ओघ उत्तम.'

'तुम्ही ऐकताय का? मी घरात बसून सडणार नाही.' टीप: 'सुरुवात कोरडी, नंतर ओघ चांगला.'

'रबराला व्हॅसलिन लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून गळतंय. लॅबचं सिलिकॉन ग्रीस तुमच्या टेबलावर ठेवलंय, ते लावा. चकतीचीही गरज नाही.' टीप: 'नळी पद्धत, दिवस चौथा. ओघ उत्तम. गळती का होते ते कळत नाही.'

बाई खुर्चीत बसल्या. सहा आठवडे हा माणूस ज्या प्रश्नाने डोकं खाजवत होता, त्याचं उत्तर त्याने स्वतःच्या हाताने फाइलला लावून ठेवलं होतं. वर त्याच कागदावर प्रश्नही लिहिला होता. दुसरा कुणी असता तर बाई हसल्या असत्या. ग्रीसची ट्यूब खणाच्या कोपऱ्यात पडली होती, सील न उघडलेली.

त्या उठल्या. आधी पेन उघडलं. व्हॉल्व्हची चकती चिकट, फुगून बेढब झालेली होती, ती चिमट्याने उपटून फेकली. नळी आणि आटे साबणाच्या पाण्याने धुतले, पुसले, कोरडे होऊ दिले. बोटाच्या टोकावर मोहरीएवढं ग्रीस घेऊन आट्यांवर एकसारखं फिरवलं. नळी उभी धरून ड्रॉपरने शाई भरली, काठोकाठ, वर हवेचा एक बुडबुडाही राहू दिला नाही. मग पेन बंद करून टाक खाली धरला आणि आट्यांभोवती कागद गुंडाळला. कागद कोरडा निघाला. या सगळ्याला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं नळी वाळण्यात गेली.

नवरा आला तेव्हा त्याच्या हातात रबराच्या तीन जातींची पुडी होती. टेबलावर उघडं पडलेलं सामान बघून त्याचा चेहरा उजळला.

"तू केलंस? सील कशाने केलं?" त्याने विचारलं.

बाईंनी फाइल त्याच्यासमोर आपटली. वर फॉर्म ठेवला. एका कोऱ्या कागदावर लिहिलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. सवयीने तो खिडकीकडे वळला, तेव्हा बाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला जागेवर बसवलं. कागदावर दोनच शब्द होते, 'मोठ्याने वाचा.'

तो वाचायला लागला. पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या त्याने कोर्टातल्या कारकुनासारख्या वाचल्या. मग त्याचा आवाज हळू होत गेला. बाईंनी टेबलावर बोट ठोकलं, तेव्हा तो पुन्हा वाढवला. व्हॅसलिनच्या चिठ्ठीशी तो थांबला, आपली टीप वाचली आणि कान लाल झाले. 'मी मेले नाहीये, फक्त आवाज गेलाय' अशी एक चिठ्ठी होती. तिच्या कोपऱ्यात 'एक डाग, हात गरम' असं लिहिलं होतं. ती वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला.

"दवाखान्यातली पहिली चिठ्ठी मी वाचली होती," तो म्हणाला. "भीती वाटतेय, असं लिहिलं होतंस. मला काही करता येईना. पेनाचं तेवढं करता येत होतं. नंतर पुढचं वाचायचा धीरच झाला नाही. आणि त्या अॅसिडच्या वाफांत तू गळ्याला भोक घेऊन जाणार... मला वाटलं, मीच सांगून टाकलेलं बरं."

बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. हा माणूस दवाखान्यात अकरा रात्री बाकावर झोपला होता. पण वाईट वाटलं म्हणून राग गेला नाही, दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी बसून राहिल्या. त्यांनी लिहिलं, 'भीती मला वाटत होती. ती मी चार महिन्यांपूर्वी सांगितली आणि मोकळी झाले. त्यानंतर शंभर गोष्टी सांगितल्या. तुम्ही त्या भीतीलाच धरून बसलात आणि माझी नोकरी घालवलीत.'

त्याने हे शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. ओघाबद्दल काही बोलला नाही.

बाई त्याला हाताला धरून टेलिफोनपाशी घेऊन गेल्या. कॉलेजचा नंबर त्यांनी स्वतः फिरवला, रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि आपला कान त्याच्या कानाजवळ नेला. फॉर्म उलटा करून, त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहायला सुरुवात केली.

"काका? बोला," विभागप्रमुख म्हणाली. "झाली सही?"

नवऱ्याने घसा खाकरला आणि वाचायला लागला. "सही होणार नाही. मला झेपणार नाही असं तुला सांगितलं गेलं, ते मला न विचारता सांगितलं गेलं. सांगणारा माझा नवरा..." इथे तो अडखळला. बाईंनी पेनाच्या मागच्या टोकाने कागदावर टकटक केलं. "सांगणारा माझा नवरा आहे, आणि त्याने माझी एकही चिठ्ठी पूर्ण वाचलेली नाही. मी सोमवारी साडेसातला हजर होतेय."

"काका, मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. "हे कोण बोलतंय?"

नवऱ्याने बाईंकडे पाहिलं. बाईंची मूठ तापलेली होती, कपाळावरची शीर उडत होती, पण टाकातून एक थेंब जास्तीचा आला नाही. त्यांनी लिहिलं. त्याने वाचलं.

"मी बोलतेय. आणि अॅसिड पाण्यात घालायचं असतं, पाणी अॅसिडमध्ये नाही, हे तुला आठवत असेल तर मी कोण ते तुला कळलंय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"हो बाई," विभागप्रमुख म्हणाली. ती उभी राहिली असणार. "नवीन माणसाला मी आजच कळवते, बाई. सोमवारी या."

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला आणि रिसीव्हर ठेवायला हात खाली नेला. बाईंनी तो मधेच अडवला आणि पुन्हा त्याच्या कानाशी नेऊन ठेवला. आतल्या खोलीतल्या बाटल्यांची लेबलं कुणी बदलली, ग्रीसच्या ट्यूबा कुणी उघड्या टाकल्या, एवढ्या मोठ्या निर्णयाबद्दल एकदा घरी येऊन तोंडावर विचारावं असं त्या विभागात एकालाही का वाटलं नाही, असं चार महिन्यांचं साठलेलं होतं. नळी काठोकाठ भरलेली होती. बाई लिहीत गेल्या, नवरा वाचत गेला आणि पलीकडून "हो बाई, चुकलंच बाई" येत राहिलं. तिसऱ्या पानाशी त्याचा आवाज बसायला लागला. त्याने मोकळ्या हाताने पाण्याची खूण केली. बाईंनी त्याच्यापुढे चौथं पान ठेवलं.